स्प्रिंग गेली आहे, दुसरं काही नाही

६ एप्रिल, सोमवार

नातीने ही वही दिली. म्हणाली, आजी, तू रडत नाहीस, निदान लिही, मन हलकं होईल. माझं मन हलकंच आहे. जड आहे ती वही. पुठ्ठ्यावर मांजराचं चित्र. चौथीत शाळा सोडलेल्या बाईला मांजराची वही! असो. कागद वाया जायला नको म्हणून लिहिते.

कामाचं आधी. थिएटरात मी बॅटरीवाली. अंधारात उशिरा आलेल्यांना बॅटरी मारून खुर्ची दाखवायची, शो सुटला की सांडलेलं झाडायचं. आमचा म्हातारा याच थिएटरात वर मशीनवर होता. फिल्मची चाकं गेली, कॉम्प्युटर आला, मग मशीनला म्हातारा लागेना. तेव्हापासून तो खाली येऊन शेवटच्या रांगेत कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचा. प्रत्येक पिक्चरचा पहिला शो. या थंडीत गेला. म्हणजे वारला. पिक्चरला नाही गेला.

ठराव पहिला: ती खुर्ची दुरुस्त करून घेणे. आमच्या खुर्च्या घडीच्या आहेत. माणूस उठला की बैठक आपोआप फाटकन वर जाते. ही जात नाही. थंडीपासून खालीच आहे, कोणी बसल्यासारखी. स्प्रिंग गेली आहे, दुसरं काही नाही. मिस्त्रीला सांगितलं. उद्या करतो म्हणाला. याच एका शब्दावर त्याची नोकरी टिकून आहे म्हणून आम्ही त्याला उद्याशेठ म्हणतो.

८ एप्रिल, बुधवार

सकाळी झाडताना मुद्दाम ती बैठक हाताने वर केली. हात काढला. सावकाश खाली आली. इतर खुर्च्या अशा येत नाहीत. गुडघे दुखणारा माणूस टेकतो तशी आली, शेवटी जरा थांबून.

गंज असेल.

उद्याशेठला परत सांगितलं. उद्या म्हणाला.

११ एप्रिल, शनिवार

पोस्टर लागलं! दरीवाल्या पिक्चरचा तिसरा भाग. पुढच्या महिन्यात, १५ मेला. हिरोचं तोंड एवढं मोठं की नाकपुडीत आमची तिकीटखिडकी मावेल.

दुसरा भाग येऊन दोन वर्षं झाली. त्याच्या शेवटी हिरो एका हाताने दरीच्या काठाला लटकलेला. व्हिलन त्याच्या बोटांवर बूट ठेवतो आणि अंधार. दिवे लागले, लोक शिव्या देत उठले. म्हातारा उठेना. मी तोंडावर बॅटरी मारली तर म्हणाला, अगं थांब, असं सोडून कसं जायचं, पडेल ना तो.

त्या दिवसापासून घरात पाहुणा आल्यासारखं झालं. जेवायला बसलो की हिरो लटकलेला. पाणी तापायला ठेवलं की हिरो लटकलेला. म्हाताऱ्याचं म्हणणं, पहिल्या भागात घोडा सांभाळणारा एक मुका होता, तो मध्येच गायब झाला, तोच येऊन हात धरणार. माझं म्हणणं, पडणार आणि मरणार, आणि सुटलो आपण. शेवटी पैज लागली. हरेल त्याने भर थिएटरात, दिवे लागल्यावर, मोठ्याने म्हणायचं: तू शहाणी, मी बिनडोक.

आणि हा निकालाच्या आधीच निघून गेला. हरायची वेळ आली की उठून जायचं ही त्याची जन्माची खोड.

ठराव दुसरा: पहिला शो आपण बघायचा. निकालापुरता.

१४ एप्रिल, मंगळवार

पॉपकॉर्नवालीने आज डोकं खाल्लं. मावशी, म्हणाली, ती कोपऱ्यातली खुर्ची बघितलीत ना? काकांची इच्छा राहिली हो. तिसरा भाग बघितल्याशिवाय ते हलायचे नाहीत.

मी म्हणाले, तू मका भाज. त्याची इच्छा कधी राहिली नाही, माझ्याच सगळ्या राहिल्या.

मी असलं काही मानत नाही. माणूस गेला म्हणजे गेला. पण हिशेबाने बघितलं तर तिचं म्हणणं सोयीचं आहे. समजा म्हातारा बसलाय. समजू या फक्त. तर पिक्चर लागला, शेवट झाला, हिरोचं काय ते कळलं, की म्हाताऱ्याला बसून राहायचं कारण उरत नाही. तो उठेल, बैठक वर जाईल, आणि मी सुटेन. रोज सकाळी त्या कोपऱ्याकडे न बघता झाडायला मान वाकडी करावी लागते, ती तरी सरळ होईल.

मिस्त्रीची वाट बघण्यापेक्षा हे लवकर होईलसं वाटतं.

२० एप्रिल, सोमवार

मॅनेजरने सगळ्यांना गोळा केलं. त्याला आम्ही ट्रेलर म्हणतो, कारण आवाज मोठा आणि आत फारसं काही नाही. म्हणाला, हा पिक्चर आला की आपले दिवस पालटले समजा. हाऊसफुल्लची पाटी शोधून पुसून ठेवा. पाटी सापडली. बाथरूमची तुटलेली खिडकी झाकायला लावली होती.

ट्रेलर दर उन्हाळ्यात हेच बोलतो. मागे तो राक्षसी माशाचा पिक्चर आला. तीन तास मासा येणार, मासा येणार. आला तेव्हा प्लास्टिकच्या बादलीसारखा दिसत होता. मग तो आकाशातल्या लढाईचा. त्यात कोण कोणाशी लढतंय ते लढणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. तरी म्हातारा दर वर्षी इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून, पहिल्या शोला हजर. यंदाचा पिक्चर भारी असणार बघ, म्हणायचा. पडेल पिक्चर असला की घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचा. दुसऱ्या दिवशी पुढच्या उन्हाळ्याची गोष्ट सुरू.

माझा स्वभाव तसा नाही. मी कशाची आशा करत नाही, म्हणून माझी निराशा होत नाही. सोपं आहे.

हा पिक्चर मात्र चांगला निघणार. पोस्टरच्या कागदावरून कळतं. जाड आहे.

२३ एप्रिल, गुरुवार

दुपारचा शो. बाहेर ऊन, आत काळोख, आणि बोटांवर मोजता येतील इतकी माणसं, त्यातली निम्मी गारव्याला झोपलेली. मागून कोणीतरी खोकलं. दोनदा कोरडं, मग एक लांब. असा खोकला मी आयुष्यभर शेजारच्या उशीवर ऐकला आहे.

बॅटरी मारली. शेवटची रांग रिकामी. उजेडात धूळ तरंगत होती, आणि खुर्ची खाली.

थंड हवेचा पाइप तिथूनच जातो. त्यात हवा अडकते. मी पाइपला म्हणाले, हळू खोक, लोक झोपलेत.

पाइप गप्प बसला. बरोबर आहे, हवा सुटली असेल.

उद्याशेठला पाइपचंही सांगितलं. म्हणाला, आजी, खुर्ची आणि पाइप दोन्ही एकदमच करतो. कधी ते विचारलं नाही, उत्तर पाठ आहे.

२ मे, शनिवार

बुकिंग उघडलं आणि घात झाला. कोपऱ्यातली खुर्ची विकली गेली!

ट्रेलरकडे गेले. म्हणाले, ती विकायची नव्हती, मोडकी आहे. तो कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाला, मावशी, मोबाइलवरून कोणी घेतली मला काय माहीत, खाली असली तर बसायला सोपीच की. मी म्हणाले, गिऱ्हाईक पडलं तर? तो म्हणाला, खाली असलेल्या खुर्चीतून कोण पडतं? त्याला वाद घालता येत नाही, नुसती उत्तरं देतो.

मग म्हणाला, एवढंच असेल तर मिस्त्रीला सांगतो, आजच दुरुस्त करून घेऊ.

मी म्हणाले, नको. आता ऐन घाईत नको. पिक्चर लागून जाऊ दे.

उद्याशेठलाही गाठून सांगितलं, सध्या हात लावू नकोस. तो इतका खूश झाला की मला चहा पाजला. काम करू नको म्हणणारी मी पहिलीच म्हणे.

ठराव तिसरा: त्या खुर्चीचं गिऱ्हाईक येईल त्याला बॅटरी भलत्या रांगेवर मारून दुसरीकडे बसवणे. अंधारात बॅटरीवाली म्हणेल ती रांग.

९ मे, शनिवार

नातीला विचारलं, तुझ्या मोबाइलमध्ये पिक्चरबद्दल काय म्हणतायत? ती म्हणाली, आजी, बाहेरदेशी लोकांनी बघितलाय, बरा नाही म्हणतात. मी म्हणाले, बाहेरच्यांना काय कळतंय, त्यांनी मागचे दोन भाग आपल्यासारखे घरात वागवलेत का?

तिने मोबाइल खाली ठेवला. म्हणाली, आजी, तुला पिक्चर एवढा का आवडायला लागला? आजोबा बोलवायचे तेव्हा तू दारातच उभी राहायचीस.

म्हणाले, माझी ड्यूटी दारात असते.

१४ मे, गुरुवार

कपाट आवरलं. म्हाताऱ्याचा पहिल्या शोचा शर्ट सापडला, निळ्या रेघांचा. चुरगळलेला होता, म्हणून इस्त्री केली. चुरगळलेलं मला बघवत नाही. उद्या पिशवीत टाकून नेणार आहे. कॉलरचा टाका उसवलाय, थिएटरसमोरच्या शिंप्याला दाखवायचा.

शिंपी शुक्रवारी बंद असतो हे आत्ता लिहिताना आठवलं. असू दे. पिशवीत आहे तर आहे.

१५ मे, शुक्रवार. सकाळी

पाटी लागली! हाऊसफुल्ल! ट्रेलरने तिच्याजवळ उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला.

गर्दी आत सोडायच्या आधी कोपऱ्यात जाऊन आले. खुर्ची खालीच. तिच्यावर धूळ बसू नये म्हणून शर्ट पाठीला अडकवला. दुसरं फडकं नव्हतं.

त्याच दिवशी, दुपारी

घरी आलेय. आधी तांब्याभर पाणी प्यायले, उन्हाने. क्रमाने लिहिते.

खुर्चीचं गिऱ्हाईक आलं नाही. दिवे मालवले, जाहिराती संपल्या, तरी आलं नाही. सगळं थिएटर भरलेलं आणि फक्त तो कोपरा रिकामा, म्हणजे शर्ट होता. मी शेजारी भिंतीला टेकून उभी राहिले. ड्यूटी तिथूनही करता येते.

पिक्चर सुरू झाला. दरी. काठ. बोटं. बूट. सगळ्यांचा श्वास अडकला. मी खुर्चीची पाठ धरली होती, आधाराला. व्हिलनने बूट दाबला आणि हिरो दचकून पलंगावर उठून बसला. शेजारी बायको विचारते, वाईट स्वप्न पडलं का?

स्वप्न!

दोन वर्षं ज्याच्यासाठी आमच्या घरात कोणाला धड जेवण गेलं नाही, तो मेला गादीवर लोळत होता. मुका नाही, घोडा नाही, दरीही नाही. पैज गेली पाण्यात. मीही शहाणी नाही आणि तोही बिनडोक नाही, बिनडोक असलाच तर पिक्चरवाला.

त्यानंतर तीन तास गाड्या उडाल्या. लोक आधी हसले, मग मोबाइल बघायला लागले, मग उठायला लागले. फाट, फाट, फाट, खुर्च्या वर जायला लागल्या. कोपऱ्यातली नाही. एकदा खोकला आला, ते दोनदा कोरडं, एक लांब. आज मी पाइपला काही बोलले नाही.

शेवटी हिरो विमानाच्या पंखाला लटकला. या खेपेला दुसऱ्या हाताने. आणि अंधार. पडद्यावर अक्षरं आली: चौथा भाग, दोन वर्षांनी.

लोकांनी पडद्यावर पॉपकॉर्न फेकला. टाळी एकाच माणसाची ऐकू आली. लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. मी डास मारला होता.

सगळे गेल्यावर बॅटरी मारून बघितलं. खुर्ची खाली. शर्ट जागेवर. म्हणजे आता आणखी दोन वर्षं. काय करणार, नाइलाज आहे. मी एवढी वैतागलेय की संध्याकाळी गोड करून खाणार आहे.

१६ मे, शनिवार

नात म्हणाली, ती कोपऱ्यातली खुर्ची मीच घेतली होती गं. दुसऱ्या कोणी घेतली तर तू ट्रेलरशी भांडशील म्हणून. आजोबांच्या जागेवर कोणी बसायला नको म्हटलं.

मी म्हणाले, आधी सांगायचंस. रिकाम्या खुर्चीला तिकीट काढतात का कोणी? वेडी आहेस.

तिने विचारलं, मग आजोबांना कसा वाटला पिक्चर? आणि लगेच जीभ चावली. मी म्हणाले, स्वप्न निघालं म्हणून रागावलाय. पण चौथ्याची वाट बघणार.

मग माझ्या लक्षात आलं मी काय बोलले ते. ऊन फार आहे सध्या.

१८ मे, सोमवार

काल माझी सुट्टी होती. आज सकाळी हॉल उघडला. कोपऱ्यात नेहमीसारखी बॅटरी मारली.

खुर्ची वर.

शर्ट नाही.

पुन्हा मारली. बैठक उभी, पाठीला चिकटून, बाकीच्या सगळ्या खुर्च्यांसारखी. खाली बघितलं, मागे बघितलं, रांगेत वाकून बघितलं. शर्ट कुठेच नाही.

उठला. शर्ट घातला. गेला.

बरं झालं. हेच तर हवं होतं. मान सरळ ठेवून सगळा हॉल झाडला.

१९ मे, मंगळवार

पाइपसुद्धा गप्प. दुपारच्या शोला मागे उभी राहून ऐकलं. शोभर उभी होते. एका माणसाला तीनदा भलत्या रांगेत बसवलं.

एवढं मात्र कळत नाही. चौथा भाग बाकी असताना तो गेला कसा? विमानाला लटकलेल्या माणसाला सोडून? हा तर दरीच्या काठावरून हलत नव्हता. एवढा पडेल होता का पिक्चर? की पैज मोडली म्हणून? की मी टाळी वाजवली म्हणून?

डास मारला, ते त्याला कुठून कळणार.

निदान जाताना शर्टाची गुंडी नीट लावली असेल ना. वरची त्याला कधी लागायची नाही.

२० मे, बुधवार

पिक्चर उतरला. हाऊसफुल्लची पाटी परत बाथरूमच्या खिडकीला.

ट्रेलर जिन्यावर बसून होता. मावशी, म्हणाला, पुढच्या उन्हाळ्यात डायनासोरचा येतोय. भारी आहे म्हणतात. मी त्याच्याकडे बघितलं. तोंड अगदी म्हाताऱ्यासारखं केलं होतं. माझ्याच्याने शिवी देववली नाही.

२२ मे, शुक्रवार

आज उद्याशेठ स्वतःहून आला. छाती काढून. म्हणाला, आजी, बघितलंत का? रविवारी सकाळी येऊन केलं. नवी स्प्रिंग टाकली, आणि पाइपपण साफ केला, आत चिंध्या अडकल्या होत्या. दोन्ही एकदमच. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला घाई करू नको म्हणालं, मला लाज वाटली हो. म्हटलं, आजीचं काम आधी.

माझं तोंड उघडलं ते मिटेना. त्याला वाटलं मी खूश झाले.

त्याच्या खांद्यावर फडकं होतं. काळंकुट्ट, ग्रीसने भरलेलं. एका कोपऱ्यात निळी रेघ दिसत होती.

म्हणाला, खुर्चीच्या पाठीला कोणी विसरून गेलं होतं. हात पुसायला बरं पडलं.

मी ते ओढून घेतलं. म्हणाले, ती स्प्रिंग काढ. तो म्हणाला, नवीकोरी आहे आजी. मी म्हणाले, काढ म्हणते ना. जुनी घाल. आणि पाइपात त्या चिंध्याही परत घाल. तो हळूच म्हणाला, बरं, उद्या करतो.

मी पहिल्यापासून हेच सांगत होते, स्प्रिंग गेली आहे, दुसरं काही नाही. माझंच खरं निघालं. आता दिवे लावून, भर थिएटरात, मोठ्याने म्हणायला कोणीतरी हवं होतं.

शर्ट बाथरूममध्ये घासला. निळी रेघ थोडी वर आली. ग्रीस जात नाही.

दुपारच्या शोला कोपऱ्यात गेले. बैठक हाताने खाली दाबली. हात काढला, फाटकन वर. पिशवी ठेवली, पिशवीसकट वर. ओला शर्ट ठेवला, त्याचं काय वजन. मग पाय दुखत होते म्हणून मीच टेकले. बॅटरी विझवली. पुढे पडद्यावर कोणीतरी कोणालातरी शोधत होतं. ट्रेलर बाहेरून हाका मारत होता, मावशी, गिऱ्हाईक उभं आहे, बॅटरी दाखवा.

उठलं की ती वर जाते. म्हणून मग उठले नाही.